व्हिडिओ कॉल का अडकतो? कंजेशन कंट्रोलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूरच्या शिकवण्यांमधले सर, ग्रामपंचायतींतले संगणक परिचालक, छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडकडचे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सोपे प्रश्न आधी घेतलेत, अवघड नंतर. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकाच ठिकाणी सापडतं: आपण लाइनचा वेग मोजत बसतो आणि पॅकेटांची रांग कुणी मोजत नाही.

१. कंजेशन म्हणजे नेमकं काय? नेट स्लो असणं आणि कंजेशन एकच का?

एकच नाही. तुमचा आवाज आणि चित्र लहान लहान पॅकेटांमधून जातं. वाटेतल्या प्रत्येक टप्प्याची, मग तो घरातला राउटर असो, टॉवर असो की कंपनीचं एक्स्चेंज, पुढे पाठवण्याची क्षमता ठरलेली असते. त्याहून जास्त पॅकेटं आली की ती तिथल्या मेमरीत रांगेत थांबतात. रांग वाढली की उशीर वाढतो, आणि रांगेची जागा संपली की नवी पॅकेटं टाकून दिली जातात. या अवस्थेला कंजेशन म्हणतात. १ एमबीपीएसची (सेकंदाला दहा लाख बिट) लाइनही कंजेशनशिवाय सुरळीत चालू शकते आणि १०० एमबीपीएसच्या लाइनवरही संध्याकाळी कंजेशन होऊ शकतं. ही अवस्था ओळखून पाठवणारं सॉफ्टवेअर स्वतःचा बिटरेट, म्हणजे सेकंदाला पाठवायचा डेटा, कमीजास्त करतं, ते कंजेशन कंट्रोल.

२. सर, स्पीड टेस्टला ४० एमबीपीएस दाखवायलंय, तरी क्लासमध्ये आवाज तुटायलाय. कामून?

आवाजाला किती लागतं ते आधी बघा. बहुतेक कॉलिंग अ‍ॅप वापरतात तो ओपस कोडेक, म्हणजे आवाज दाबून लहान करणारी पद्धत (२०१२ साली आरएफसी ६७१६ या इंटरनेट-मानकाच्या दस्तऐवजात प्रमाणित झाली), २४ केबीपीएसमध्ये (सेकंदाला २४ हजार बिट) बोलणं चांगलं ऐकवतो. साधारणपणे दर २० मिलिसेकंदांना एक, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेटं जातात. प्रत्येक पॅकेटावर आयपी, यूडीपी आणि आरटीपी या पाठवण्याच्या नियमपद्धतींची मिळून ४० बाइटांची हेडर्स (पत्ता, क्रमांक अशी माहिती) असतात, त्यांचे आणखी १६ केबीपीएस. एकूण ४० केबीपीएस झाले. तुमची लाइन याच्या हजारपट आहे, म्हणजे वेग कमी पडलेला नाही.

स्पीड टेस्ट काही सेकंद लाइन पूर्ण भरून किती डेटा गेला ते सांगते. त्या वेळात पॅकेट किती थांबलं, हे बऱ्याच टेस्ट ठळकपणे दाखवत नाहीत. शिवाय आपण मोठा आकडा वाचतो तो डाउनलोडचा, आणि शिकवणाऱ्याचा आवाज जातो अपलोडमधून. खरी परीक्षा घरीच करता येते. लाइन मोकळी असताना पिंग लावा (छोटं पॅकेट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) आणि आकडा लिहून ठेवा. मग एखादा मोठा व्हिडिओ अपलोडला टाका आणि पिंग पुन्हा बघा. ३० मिलिसेकंदांचा आकडा ५००-६०० वर गेला तर तुमचा आजार सापडला. पुढचं चौथ्या उत्तरात.

३. त्याच नेटवर यूट्यूब मस्त चालतं, मग कॉलच का अडकतो?

यूट्यूब पुढचा काही सेकंदांचा भाग आधीच उतरवून ठेवतं. मध्येच दोन सेकंद नेट गेलं तरी तुम्हाला कळत नाही. कॉलमध्ये पुढचं वाक्य अजून बोललं गेलेलं नसतं, त्यामुळे साठवायला काही नसतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.११४ ही शिफारस सांगते की तोंडापासून कानापर्यंतचा उशीर एका दिशेने १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. त्यापुढे माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागतात.

४. नांदेडहून मुंबईचा सर्व्हर लांब पडतो म्हणून उशीर होतो का?

नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. नांदेड ते मुंबई ६०० किलोमीटर धरले तर ३ मिलिसेकंद लागतात. केबल आडवळणाने दुप्पट फिरली तरी ६. अर्धा सेकंद उशीर होत असेल तर तो बहुतेक वेळा रांगेत होतो.

ही रांग कशी काम करते हे आपल्याकडे समजावणं सोपं आहे. साखर कारखान्याचं गाळप दिवसाला ठरलेलं असतं. तोडणी त्याहून जास्त झाली की गाड्या यार्डात उभ्या राहतात, ऊस वाळतो, वजन घटतं. यार्ड वाढवलं म्हणून गाळप वाढत नाही, ऊस फक्त जास्त वेळ उभा राहतो. तोडणीच गाळपाच्या हिशेबाने करावी लागते. राउटर बनवणाऱ्यांनी मेमरी स्वस्त झाली म्हणून यार्ड मोठं केलं. अपलोड २ एमबीपीएस असेल आणि राउटरमध्ये २५० किलोबाइटांची रांग साचली, तर ती रिकामी व्हायला पूर्ण १ सेकंद लागतो. तेवढ्या वेळाने पोचलेलं आवाजाचं पॅकेट समोरचं अ‍ॅप फेकून देतं, कारण त्याची वेळ टळलेली असते. लाइन भरलेली, डेटा खर्च झालेला आणि कानाला काहीच नाही.

या दोषाला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस यांनी २०११ च्या सुमारास तो सगळ्यांच्या नजरेला आणून दिला. मला विचाराल तर घरगुती इंटरनेटचा हा सर्वात दुर्लक्षित दोष आहे, कारण जाहिरातीत फक्त वेग लिहितात.

५. वाटेतली रांग अ‍ॅपला दिसत नाही, मग ती वाढली हे त्याला कळतं कसं?

पोचण्याच्या वेळांमधल्या अंतरावरून. समजा पॅकेटांचे गट २० मिलिसेकंदांच्या अंतराने पाठवले. ते २० च्याच अंतराने पोचले तर रांग आहे तेवढीच आहे. २२, २३, २२ अशा अंतराने पोचायला लागले तर प्रत्येक गट आधीच्यापेक्षा थोडा जास्त थांबतोय, म्हणजे रांग वाढतेय. समोरचं अ‍ॅप प्रत्येक पॅकेट कधी पोचलं याची नोंद सेकंदातून अनेकदा परत पाठवतं. पाठवणारं अ‍ॅप त्या फरकांवरून उताराची रेषा काढतं. रेषा ठरावीक मर्यादेपलीकडे चढली की लाइनवर भार जास्त झाला असं धरून बिटरेट खाली आणला जातो. गूगलच्या पद्धतीत (जीसीसी) तो समोर प्रत्यक्ष पोचणाऱ्या दराच्या ०.८५ पट केला जातो.

यात दोन्ही फोनची घड्याळं जुळलेली असायची गरज नसते, कारण फक्त फरक मोजले जातात. परळीतला फोन दोन मिनिटं पुढे असला तरी हिशेब बिघडत नाही. शिवाय पॅकेट हरवायच्या आधीच इशारा मिळतो. ऐकणाऱ्याला त्रास होण्यापूर्वी माघार घेणं यातूनच शक्य होतं.

६. मग पॅकेट लॉसचं काय? तो बघतच नाहीत का?

बघतात, पण दुसरा साक्षीदार म्हणून. गूगलच्या मूळ मसुद्यातला नियम असा: हरवलेली पॅकेटं २ टक्क्यांपेक्षा कमी असतील तर दर वाढवा, २ ते १० टक्क्यांत असतील तर आहे तो ठेवा, १० च्या वर गेली तर कमी करा. कमी करताना लॉसच्या निम्म्या प्रमाणात करतात. १००० केबीपीएसवर २० टक्के लॉस असेल तर नवा दर ९००. उशिराचा अंदाज आणि लॉसचा अंदाज यांतला लहान आकडा वापरला जातो.

१० टक्क्यांपर्यंत सहन करण्याचं कारण असं की प्रत्येक लॉस कंजेशनमुळे होत नाही. जुन्या वाड्याच्या दगडी भिंतीपलीकडे वायफाय कमजोर झालं की पॅकेटं हरवतात, आणि तिथे बिटरेट उतरवून फारसा फायदा होत नाही. राउटरपासून लॅपटॉपपर्यंत लॅनची वायर ओढली तर होतो.

७. टीसीपीमध्ये (फाइल, वेबपान पोचवणारी नियमपद्धत) कंजेशन कंट्रोल आधीपासून आहे. तेच का वापरत नाहीत? (इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांचा नेहमीचा प्रश्न)

ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातला डेटाचा दर ३२ केबीपीएसवरून ४० बिट प्रतिसेकंदावर कोसळला. दोन्ही ठिकाणं एकमेकांपासून जेमतेम ४०० यार्डांवर होती. हरवलेलं पॅकेट सगळे जण पुन्हा पुन्हा पाठवत होते आणि त्यानेच लाइन आणखी तुंबत होती. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ च्या शोधनिबंधात त्यावर उपाय मांडला, आणि आजच्या टीसीपीचा पाया तिथे आहे.

पण तो उपाय फाइल पोचवण्यासाठी होता. फाइलला एकही बाइट गमावून चालत नाही, थोडा उशीर चालतो. कॉलला एखादं पॅकेट गेलेलं चालतं, उशीर चालत नाही. टीसीपीत एक पॅकेट हरवलं की ते पुन्हा येईपर्यंत मागची सगळी अडकून राहतात. शिवाय क्युबिकसारखं प्रचलित टीसीपी रांग भरेपर्यंत दर वाढवत नेतं आणि पॅकेट गळल्यावर थांबतं. कॉलला नको असलेली अवस्था हे टीसीपी स्वतःहून ओढवून घेतं. म्हणून कॉल यूडीपीवर (हरवलेलं पुन्हा न पाठवणारी साधी पद्धत) आरटीपी चालवतो आणि स्वतःचं नियंत्रण स्वतः ठेवतो. त्यामुळे जबाबदारीही वाढते. नियंत्रणाशिवाय यूडीपी सोडणं म्हणजे त्याच लाइनवरच्या बाकीच्यांवर अन्याय आहे.

८. नेट सुधारलं तरी चित्र बराच वेळ धूसर राहतं. अ‍ॅप झोपलंय का?

माघार एका झटक्यात घेतात आणि पुढे जाताना चाचपडत जातात, हे मुद्दाम केलेलं आहे. गूगलच्या पद्धतीत वाढ सेकंदाला जास्तीत जास्त ८ टक्के असते. ३०० केबीपीएसवरून १५०० वर त्या गतीने जायला साधारण २१ सेकंद लागतात. पूर्वी जिथे लाइन भरली होती त्या आकड्याजवळ पोचल्यावर गती आणखी कमी होते. हा वेळ वाचवण्यासाठी अ‍ॅप अधूनमधून जादा पॅकेटांचा छोटा झोत सोडून जागा आहे का ते तपासतं आणि जागा दिसली तर उडी घेतं. तुम्ही कॉल बंद करून पुन्हा लावला तर अंदाज बहुधा शून्यापासून सुरू होतो, म्हणून तसं करू नका.

९. आमची नीटची बॅच आहे. फळ्यावरचं सूत्र मुलांना वाचता येत नाही. काय करू?

फळ्याला रिझोल्यूशन लागतं, हालचाल लागत नाही. सेकंदाला ५ फ्रेम पुरतात. अ‍ॅपमध्ये ‘मजकूर’ किंवा ‘स्पष्टता’ अशी निवड असेल तर ती करा, म्हणजे दर कमी झाल्यावर फ्रेम कमी होतील आणि अक्षरं टिकतील. ती निवड नसेल तर कॅमेऱ्याने फळा दाखवण्याऐवजी स्क्रीन शेअर करून टॅबवर लिहा, कारण अ‍ॅप स्क्रीनला सहसा स्पष्टतेच्या बाजूने वागवतं. स्वतःचा चेहरा त्या वेळी बंद ठेवा. आणि आवाजासाठी हेडफोन वापरा. विद्यार्थी धूसर चित्र सहन करतात, तुटक आवाज करत नाहीत. म्हणून चांगलं अ‍ॅप आधी आवाजाचा वाटा बाजूला काढतं आणि उरलेलं चित्राला देतं.

१०. साठ मुलांमध्ये एकाचं नेट खराब असलं तर सगळ्यांचं चित्र खराब होतं का?

व्हायला नको. मोठ्या वर्गात मधला सर्व्हर प्रत्येकाला त्याच्या लाइनप्रमाणे चित्र देतो. त्यासाठी शिक्षकाचं अ‍ॅप एकच चित्र दोनतीन आकारांत पाठवतं, याला सिमुलकास्ट म्हणतात. हिंगोलीच्या मुलाला छोटा आकार जातो, लातूर शहरातल्याला मोठा. सिमुलकास्ट बंद असेल तर मात्र एकच आकार सगळ्यांना जातो. कमजोर लाइनवाल्याची पॅकेटं हरवतात, त्याचं अ‍ॅप वारंवार पूर्ण फ्रेम मागतं, ती नेहमीच्या फ्रेमच्या कितीतरी पट मोठी असते आणि सगळ्यांच्याच लाइनवर आदळते. शिक्षकाचंच अपलोड कमजोर असेल तर सर्व्हर काही करू शकत नाही. तिथे नववं आणि बारावं उत्तर.

११. आई-वडील ऊसतोडीला गेलेत. कोपीवरून (फडाजवळची झोपडी) व्हिडिओ कॉल लावला की चित्र थांबतं, आवाज मागून येतो. आणि यात्रेत तर फोनच लागत नाही. कारण एकच आहे का?

दोन वेगळी कारणं आहेत.

फडाजवळ टॉवर लांब असतो. सिग्नल कमजोर असला की फोन आणि टॉवर हरवलेला तुकडा आपापसात पुन्हा पाठवतात. अ‍ॅपला लॉस दिसत नाही, पण पॅकेटं थांबून थांबून, घोळक्याने येतात. लाइनची क्षमताही क्षणाक्षणाला बदलते, आणि ती अर्ध्यावर आली तेव्हा पाठवलेलं आधीच रांगेत उभं असतं. नियंत्रण माघार घेईपर्यंत एखादा सेकंद जातो. तोच तुम्हाला दिसणारा खोळंबा. अशा वेळी अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘कमी डेटा’ चालू करावं. वरची मर्यादाच खाली आली की रांग लावण्याइतकं पाठवलंच जात नाही. फोन उंच, मोकळ्या जागी धरला तर आणखी फरक पडतो. आणि लेकरांचा चेहरा बघायचा असतो हे मान्य, तरी आधी दोन मिनिटं साधा आवाज ठेवून बोलणं उरकून घ्या, मग चित्र लावा.

तुळजापुरात नवरात्रात किंवा पैठणला नाथषष्ठीला एकाच टॉवरची क्षमता हजारो फोनमध्ये वाटली जाते. तिथे प्रत्येक अ‍ॅपने नेमस्तपणे माघार घेतली तरी वाट्याला फार थोडं येतं. कंजेशन कंट्रोल असलेली क्षमता वाटतं, नवी निर्माण करत नाही.

१२. तालुक्याची व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्स) चालू असताना कुणाच्या तरी फोनचा फोटो बॅकअप सुरू होतो आणि आमचा आवाज जातो. उपाय?

बॅकअप टीसीपीवर जातो आणि रांग भरतो (सातवं उत्तर). कॉल उशीर बघून माघार घेतो, बॅकअप घेत नाही, म्हणून मोकळी झालेली जागाही बॅकअपच खातो. सुरुवातीच्या वेबआरटीसीमध्ये (ब्राउझरमधून कॉल करायची यंत्रणा) हा दोष ठळक होता. इटलीतल्या बारीच्या तंत्रविद्यापीठातले संशोधक आणि गूगलचे अभियंते यांनी उशिराची मर्यादा परिस्थितीनुसार हलती ठेवण्याची पद्धत आणली. त्यामुळे कॉल पूर्ण चिरडला जात नाही, पण रांगेतला उशीर तसाच राहतो.

खरा इलाज राउटरमध्ये आहे. एफक्यू-कोडेल (आरएफसी ८२९०, २०१८) किंवा केक ही रांगेची पद्धत चालू करा. ती प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देते आणि पॅकेट ५ मिलिसेकंदांपेक्षा जास्त थांबणं टिकून राहिलं तर टाकायला सुरुवात करते. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर) चालणाऱ्या राउटरवर ही सोय एसक्यूएम नावाने मिळते. वेगमर्यादा लाइनच्या खऱ्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के ठेवा, म्हणजे रांग कंपनीच्या यंत्राऐवजी तुमच्या राउटरमध्ये लागेल आणि तिच्यावर तुमचा ताबा राहील. वेग थोडा कमी दिसेल. माझ्या मते हा सौदा प्रत्येक कार्यालयाने करावा. राउटर बदलणं हातात नसेल तर व्हीसीच्या वेळेत बाकीच्या फोनचं वायफाय बंद ठेवा.

१३. लॉस होतोय तर जादा पॅकेटं, म्हणजे एफईसी, पाठवून भरून काढू का?

लॉस कशामुळे होतोय यावर अवलंबून. वायफायमधल्या तुरळक लॉसला एफईसी चांगलं, ओपसमध्ये ते आतच आहे. कंजेशनमुळे लॉस होत असेल तर जादा पॅकेटं आगीत तेल. लॉससोबत पिंगही चढत असेल तर कंजेशन समजा. करायचंच असेल तर एफईसीचे बिट एकूण बिटरेटमधूनच कापा, वर चढवू नका. पिंग ५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर हरवलेलं पॅकेट पुन्हा मागणं अनेकदा जास्त स्वस्त पडतं.

१४. कॉलेजच्या नेटवर कॉल लागतो पण अतिशय वाईट चालतो. घरी त्याच लॅपटॉपवर छान.

कॉलेजच्या फायरवॉलने यूडीपी अडवलं असण्याची शक्यता मोठी. मग अ‍ॅप टीसीपीच्या ४४३ पोर्टवरून टर्न सर्व्हरमार्फत (कॉलची पॅकेटं मधून पुढे देणारा सर्व्हर) जातं. आता एकावर एक दोन नियंत्रणं बसतात. खालचं टीसीपी पॅकेटं अडवून धरतं आणि वरच्याला ते रांग वाढल्यासारखं दिसतं. नेटवर्क सांभाळणाऱ्या सरांना यूडीपीचं ३४७८ पोर्ट आणि त्या सेवेने सांगितलेली यूडीपी पोर्टं उघडायला सांगा.

१५. एप्रिल-मे महिन्यात दुपारी चित्र अडखळतं, रात्री त्याच नेटवर ठीक. हेही कंजेशनच का?

बहुधा नाही. तापलेला फोन स्वतःचा प्रोसेसर हळू करतो आणि चित्र कोड करायला वेळ पुरत नाही. क्रोममध्ये कॉल चालू असताना वेबआरटीसी-इंटर्नल्स हे पान उघडा. तिथे ‘क्वालिटी लिमिटेशन रीझन’ समोर ‘बँडविड्थ’ असेल तर कंजेशन, ‘सीपीयू’ असेल तर उष्णता किंवा जुनं यंत्र. फोनचं कव्हर काढा, चार्जिंग थांबवा, ७२० ऐवजी ३६० ठेवा.

१६. उपग्रहाच्या इंटरनेटवर उशीर जास्त असतो. मग उशीर मोजणारं नियंत्रण तिथे कायम दर कमी करत बसेल का?

नाही. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतो, त्यामुळे वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो. पण तो उशीर स्थिर असतो, आणि नियंत्रण बदल मोजतं (पाचवं उत्तर). अडचण होते ती खबर परत यायला. आणखी पाव सेकंद गेल्यावर रांग वाढल्याचं कळतं, म्हणून माघार उशिरा होते. बोलण्यात मात्र तो पाव सेकंद कुठलंही सॉफ्टवेअर काढू शकत नाही.

१७. जीसीसी, नाडा, स्क्रीम या कंजेशन कंट्रोलच्या पद्धतींतलं प्रोजेक्टसाठी कोणतं घ्यावं?

इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफचा आरएमकॅट गट २०१२ मध्ये याच कामासाठी स्थापन झाला. त्यातून एरिक्सनच्या अभियंत्यांचं स्क्रीम (आरएफसी ८२९८, २०१७) आणि सिस्कोच्या अभियंत्यांनी पुढे आणलेलं नाडा (आरएफसी ८६९८, २०२०) आलं. गूगलचं जीसीसी मसुदाच राहिलं, आरएफसी झालं नाही, पण क्रोमच्या वेबआरटीसीमध्ये तेच आहे, त्यामुळे प्रत्यक्ष वापर सर्वात जास्त त्याचाच. शिकण्यासाठी मी नाडा सुचवेन, कारण त्याची सूत्रं आरएफसीत नीट मांडलेली आहेत. चालणारं उत्पादन करायचं असेल तर जीसीसी. मोबाइल नेटवर्कवर संशोधन करायचं असेल तर स्क्रीम. राउटरनेच पॅकेटवर खूण करून रांगेची खबर द्यायची ही एलफोरएसची दिशा (आरएफसी ९३३०, २०२३) मला सर्वात आशेची वाटते.

१८. लिनक्सवर नेटेम (खराब लाइनची नक्कल करणारं साधन) लावून आम्ही १ एमबीपीएसची लाइन तयार केली. सगळेच अल्गोरिदम भयंकर वाईट निघाले. चूक कुठे?

रांगेची लांबी तपासा. नेटेमची मूळ मर्यादा १००० पॅकेटांची आहे. १२०० बाइटांचं पॅकेट धरलं तर १२ लाख बाइट, म्हणजे ९६ लाख बिट. १ एमबीपीएसवर ती रांग रिकामी व्हायला ९.६ सेकंद लागतील. तुम्ही खेड्यातली लाइन बनवायला गेलात आणि बफरब्लोटचा टोकाचा नमुना बनवलात. ‘लिमिट’ देऊन रांग २०० मिलिसेकंदांची करा, इथे ती साधारण २० पॅकेटांची होते. नुसता लॉस टाकून चाचणी घेऊ नका, कारण मग उशीर मोजणारा अर्धा भाग तपासलाच जात नाही. क्षमता मध्येच १ वरून अर्ध्या एमबीपीएसवर आणा, तीस सेकंदांनी परत वर न्या, आणि त्याच लाइनवर एक टीसीपी अपलोडही सोडून बघा. निकाल लिहिताना सरासरी बिटरेटच्या आधी ९५ व्या शतमकावरचा उशीर (१०० पैकी ९५ पॅकेटं ज्याच्या आत पोचतात तो) लिहा.